मिलिमीटरचा कॉब्लर

मिलिमीटरने स्वयंपाकघरात जन्मात चहापलीकडे काही केलं नव्हतं, आणि चहासुद्धा तो असा करायचा की आई म्हणायची, "अरे, चहा देतोयस की औषधाचा डोस?" असा माणूस एका शुक्रवारी सकाळी ओट्यापाशी उभा राहून पीच सोलायला लागला. त्याला कारण भूक नव्हती. कारण एक मशीन होतं.

मिलिमीटरचा धंदा कवळ्या बनवण्याचा. घराच्या मागच्या खोलीत त्याचं वर्कशॉप होतं. दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन पाठवायच्या, हा त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि घासूनपुसून कवळी तयार करून द्यायचा. त्याचे वडीलही हेच करायचे, डॉक्टरीणबाईंच्या वडिलांसाठी. दोन्ही घरांचं नातं अगदी दातओठांचं म्हणा ना.

फरक एवढाच की वडील नजरेने काम करायचे आणि हा गेज, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, लावायचा. प्रत्येक दाताला. वर प्रत्येक गोष्टीलाही. शेजाऱ्याने भिंतीवर फोटो टांगला की हा चप्पल घालता घालता सांगून जायचा, "दोन मिलिमीटर डावीकडे झुकलाय हं." नाव पडलं ते तिथून. खरं नाव विचारलं असतं तर त्यालाही जरा आठवावं लागलं असतं, कारण आई "अरे" म्हणायची, बायको "अहो" म्हणायची आणि उरलेली गल्ली मिलिमीटर म्हणायची.

स्वतःच्या कामाचा त्याला भारी अभिमान. आईची कवळी त्यानेच केली होती, त्याच्या मते आयुष्यातली सर्वात बिनचूक. रोज सकाळी आई चहाला बसेपर्यंत खिडकीतल्या काचेच्या पेल्यात ती पाण्यात चमकत असायची. त्या वेळी कोणी आलं-गेलं की हा पेला उचलून दाखवायचा. "इतकी वर्षं झाली, पण बघा, एक ओरखडा नाही. कालच केल्यासारखी." आई तोंडावर हात धरून हसायची. कवळी झाल्यापासून तिला तोंडावर हात धरूनच हसायची सवय लागली होती. याला वाटायचं, म्हातारपणी माणूस लाजाळू होतं.

तर मशीन. डॉक्टरीणबाईंच्या क्लिनिकच्या रिसेप्शनवरच्या मुलीने फोन करून आधीच सांगितलं होतं, "काका, मी सांगितलं म्हणून सांगू नका, पण मॅडम मशीन घेतायत. बटण दाबलं की तयार दात बाहेर. मॅडमनी स्वतःच्या पुढच्या दाताची कॅपसुद्धा नमुना म्हणून त्यावरच करून घेतलीय."

आणि मागोमाग मॅडमचा निरोप: 'काका, शनिवारी दुपारी घरी येते. जरा बोलायचंय.'

"जरा बोलायचंय" म्हणणाऱ्या माणसाने आजवर कोणाला चांगली बातमी दिलेली नाही. मिलिमीटरचं सगळं काम त्या एकाच क्लिनिकचं. ते गेलं की वर्कशॉपला कुलूप. त्या खोलीत मग कपडे वाळत घालणार, हे बायकोने लग्नाच्या पहिल्या वर्षीच जाहीर केलं होतं.

बायको होती तिच्या बहिणीकडे. बहिणीचा पाय मोडला होता. त्याने फोन लावला.

"अहो, घाबरताय कशाला," बायको म्हणाली. "त्यांना माझा पीच कॉब्लर फार आवडतो. मागच्या वेळी दोनदा मागून घेतला. माणसाचं तोंड गोड असलं की कडू बोलवत नाही. आणि बाजारात सध्या पीच काय सुरेख आलेत."

"मग तू ये."

"आणि हिला उचलून बाथरूमला कोण नेणार, तुमचा गेज? बेकरीतून एक केक आणा आणि ठेवा पुढे."

मिलिमीटरने विचार केला. "बेकरीत सगळं मशीनवर होतं."

"मग होऊ दे की."

"म्हणजे मी त्यांना सांगायचं, मॅडम, मशीनचं नको, हाताचं घ्या, आणि तोवर हा मशीनचा केक खा?"

हे बायकोला पटलं. नवऱ्याचा मुद्दा पटण्याची ही तिची दुसरी वेळ. पहिली कुठली, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"बरं, मग लक्ष देऊन ऐका," ती म्हणाली. "पीच सोलून फोडी करायच्या. साखर, लिंबू लावून काचेच्या ट्रेमध्ये घालायच्या. मैद्यात लोणी, साखर, बेकिंग पावडर आणि दूध घालून कालवायचं. मळायचं नाही हं, नुसतं कालवायचं. गुठळ्या राहिल्या तर राहू देत. मग चमच्याने त्याचे गोळे फळांवर टाकायचे, कसेही."

"कसेही म्हणजे कसे?"

"कसेही म्हणजे कसेही. मध्ये फटी राहिल्या पाहिजेत. ओव्हनमध्ये त्यातून रस उकळून वर येतो. वरून खडबडीत दिसतो, आतून मऊ होतो. झालं."

मिलिमीटरने फोन ठेवला आणि त्याला बायकोची दया आली. गुठळ्या राहू देत. फटी राहू देत. कसेही टाका. याला काय पाककृती म्हणायचं? हा तर शुद्ध हलगर्जीपणा, आणि तो इतकी वर्षं आपल्याच घरात, वर्कशॉपपासून एका भिंतीच्या अंतरावर चालला होता. पण ती बिचारी काय करणार? तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

त्याने ठरवलं, आपण कॉब्लर करायचा, पण नीट करायचा.

सुरुवात चांगली झाली. पीच गरम पाण्यात बुडवून काढले की सालं अलगद सुटतात, हे त्याला आवडलं. साच्यातून कवळी सुटावी तशी. मग मेण कापायची पातळ सुरी आणून त्याने फोडी केल्या. पहिली फोड गेजमध्ये धरली, दुसरी धरली. तिसरी जरा जाड निघाली, ती त्याने बाजूला ठेवली. बाजूला ठेवलेल्या फोडी आई टेबलापाशी बसून खात होती.

"अजून एखादी चुकव की," ती म्हणाली.

"आई, हा गमतीचा विषय नाही. माझ्या पोटाचा प्रश्न आहे."

"माझ्याही."

फोडी ट्रेमध्ये गेल्या त्या रांगेत, एकावर एक, वरच्या दातांच्या ओळीसारख्या. मग पीठ. बायकोने कालवायला सांगितलं होतं, म्हणून त्याने आधी कालवलं. आत खरोखरच गुठळ्या दिसल्या. त्याच्या अंगावर काटा आला. त्याने बाह्या सरसावल्या आणि पीठ मळलं. असं मळलं की ते काचेच्या ताटलीसारखं गुळगुळीत झालं आणि बोटाने ओढलं की रबरासारखं परत जायला लागलं.

"ती मळू नका म्हणाली होती," आईने आठवण करून दिली. फोन तिनेही ऐकला होता. या घरातले फोन सगळेच ऐकायचे.

"मळलं नाही तर आत हवा राहते."

"राहिली तर?"

मिलिमीटरने तिच्याकडे पाहिलं. कवळीवाल्याच्या बायकोने, कवळीवाल्याच्या आईने असं विचारावं? कवळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की ती तिथेच चिरते. बुडबुडा म्हणजे पाप. या एका वाक्यावर तो इतकी वर्षं जगत आला होता.

म्हणून त्याने मागच्या खोलीतून थरथरी आणली. थरथरी म्हणजे एक छोटं मशीन. ओल्या प्लास्टरचा साचा त्यावर ठेवला की ते थरथरतं आणि आतले बुडबुडे वर येऊन फुटतात. त्याने पीठ फळांवर घातलं, प्लास्टरच्या पात्याने कडेपर्यंत सपाट पसरलं आणि ट्रे थरथरीवर ठेवला. बुडबुडे वर आले, फुटले. त्याला समाधान वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा बुडबुडे आले. त्याने पुन्हा थरथरी लावली. पुन्हा बुडबुडे. हा काय प्रकार? प्लास्टर असं कधी वागलं नव्हतं. आता यात बेकिंग पावडर होती, बुडबुडे काढणं हेच तिचं काम होतं, पण मिलिमीटरचं काम ते मोडून काढणं. दोघंही आपापल्या कामाला प्रामाणिक. बराच वेळ झुंज चालली. शेवटी पिठानेच हात टेकले.

"मेलं बहुतेक," आई वाकून बघत म्हणाली.

राहता राहिल्या कडा. तिथून रस गळणार हे उघड होतं. त्याने कडेकडेने पीठ बोटाने दाबून पक्कं बंद केलं, वरून गवंड्याची सपाटी बघायची लेव्हल लावून बघितली, बुडबुडा बरोबर मध्ये आला. हा एकच बुडबुडा त्याने राहू दिला, कारण तो लेव्हलमधला होता. मग ट्रे ओव्हनमध्ये गेला.

थोड्या वेळाने शिट्टी वाजली.

आधी दोघांना वाटलं, बाहेर कोणी वाजवतंय. मग लक्षात आलं की शिट्टी ओव्हनमधून येतेय. आत कोंडलेल्या पीचना वाफ सोडायला कुठेही जागा नव्हती. त्यांनी कोपऱ्यात सुईएवढी वाट शोधली होती आणि त्यातून बारीक, लांब, केविलवाणा सूर निघत होता.

"तीन झाल्या की बंद कर," आई म्हणाली.

मिलिमीटरने बंद केलं नाही. त्याने दार उघडलं, चिमटीभर पीठ घेतलं आणि ते भोक बुजवलं. पुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण तोवर वरचा थर इतका पक्का झाला होता की आतल्या वाफेनेही नाद सोडला.

भाजून झाल्यावर त्याने ट्रे बाहेर काढलाच नाही. कवळी एकदम गार केली की वाकते, हे लहान मूलही सांगेल, निदान या घरातलं. ओव्हन बंद करून त्याने कॉब्लर आतच हळूहळू निवू दिला. संध्याकाळ झाली तरी तो आतच होता.

बायकोचा फोन आला. "झाला का? रस वर आलाय ना?"

"एक थेंब नाही," मिलिमीटर अभिमानाने म्हणाला.

"एकही नाही?"

"पॅक केलाय."

"अहो, बेकिंग पावडर टाकली होती ना?"

"टाकली की. मग तिची हवा काढली."

"आईंना फोन द्या," बायको म्हणाली. आईने फोन घेतला, "हो... हो... नाही गं, ऐकतोय कुठे... हो, शिट्टीसुद्धा..." असं काहीबाही बोलली आणि तोंडावर हात धरून इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

शनिवारी सकाळी कॉब्लर बाहेर निघाला. बिस्किटाच्या रंगाचा, सपाट, एकसंध, कुठे चीर नाही, फट नाही. मिलिमीटरने नव्या कोऱ्या ब्रशने त्याला लोण्याचं पॉलिश केलं. खिडकीतला उजेड त्यात जसाच्या तसा दिसायला लागला.

"आता त्यात बघून भांग पाड," आई म्हणाली.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, चटपटीत बाई. लहानपणी वडिलांचा हात धरून याच वर्कशॉपमध्ये यायच्या आणि प्लास्टरचे दात फ्रॉकच्या खिशात भरून न्यायच्या. आता बोलताना त्यांची नजर घड्याळाकडे जायची. हसल्या तेव्हा मिलिमीटरला पुढचा तो दात दिसला. पांढराशुभ्र, सरळसोट, शेजारच्या दातांशी बोलणं टाकल्यासारखा.

"काका, मी फिरवून बोलत नाही," त्या बसता बसता म्हणाल्या. "आपलं इतक्या वर्षांचं आहे, म्हणून फोनवर न सांगता—"

"आधी खाऊन घ्या मॅडम," मिलिमीटर घाईघाईने म्हणाला. "पीच कॉब्लर. घरी केलाय. हाताने."

बाईंचा चेहरा मऊ झाला. "अरे वा. कुठाय?"

"हा काय समोर."

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. "अच्छा. मला वाटलं, गरम भांडं ठेवायची फरशी आहे."

मिलिमीटरने सुरी घेतली आणि मधोमध टेकवली. सुरी घसरली आणि टेबलक्लॉथवर जाऊन थांबली. त्याने टोक रोवून बघितलं. टोक वाकलं. आईने एक चमचा पुढे केला, तो परत घेतला आणि पुसून खणात ठेवला. उगाच त्याचं कशाला नुकसान?

"एक मिनिट हं," म्हणून मिलिमीटर मागे गेला आणि प्लास्टर कापायची छोटी करवत घेऊन आला.

"काका, हे काय?"

"स्वच्छ आहे. उकळून घेतलीय."

करवत चालली. टेबलावर भुसा पडला. आई म्हणाली, "फुंकू नकोस, गोड आहे तो." शेवटी तीन चौकोनी तुकडे निघाले, तिन्ही तंतोतंत सारखे, आणि खालून पीच दिसले. पीच मात्र सोन्यासारखे झाले होते. रसाने डबडबलेले, लिंबाचा वास असलेले. इतका वेळ कोंडून ठेवल्याचा राग त्यांनी कोणावरही काढला नव्हता.

आईने आपला तुकडा बशीत घेतला, वर पीच आणि रस ओतून घेतला आणि गुपचूप खायला बसली. बाई शहाण्यासुरत्या. त्यांनी आधी पीच खाल्ले आणि मान डोलावली. पण यजमान समोर उभा, हातात करवत, डोळ्यांत प्राण आणून बघतोय. नाही कसं म्हणायचं? त्यांनी वरचा तुकडा उचलला आणि कोपऱ्याचा चावा घेतला.

टक्.

तिघांनीही आधी कॉब्लरकडे पाहिलं, तो तुटला असं वाटून. कॉब्लरला काही झालं नव्हतं. बाईंनी तोंडावर हात धरला, मग हात खाली घेऊन तळव्यात पाहिलं. तिथे मशीनची कॅप होती. पांढरीशुभ्र, सरळसोट, अजूनही कोणाशी न बोलणारी.

खरं म्हणजे यात मशीनचा काडीचा दोष नव्हता. त्या तुकड्यापुढे हत्तीनेही हात जोडले असते. पण पुढचा दात तळहातावर घेऊन बसलेल्या माणसाला एवढा सारासार विचार सुचत नाही. त्यात नेमकी त्याच वेळी आईने रिकामी बशी पुढे केली.

"आणखी एक तुकडा दे रे," ती म्हणाली. "छान झालाय."

बाई बघतच राहिल्या. "आजी, तुम्ही हे खाल्लंत?"

"न खाता कुठे गेलं मग?" म्हणून आई हसली. एका हातात बशी, दुसऱ्यात चमचा, त्यामुळे तोंडावर धरायला हात उरला नव्हता. मिलिमीटरला तिचे दात दिसले.

आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली, चांगली वीतभर.

डावीकडचा सुळा वाकडा होता. किंचित आत वळलेला. असा सुळा त्याने उभ्या आयुष्यात कधी बसवला नव्हता. बसवायचे ते वडील, प्रत्येक कवळीत कुठला तरी एक. "सगळे दात ओळीत उभे केले की माणूस दिसत नाही, कुंपण दिसतं," म्हणायचे. वडिलांना जाऊन किती वर्षं झाली होती. आणि त्यांची कवळी आईच्या तोंडात बसून पीच खात होती.

म्हणजे पेल्यातली ती? एक ओरखडा नसलेली? कालच केल्यासारखी?

"आजी, जरा बघू देता का?" बाईंमधली डॉक्टरीण जागी झाली होती.

आईने कवळी काढली, नळाखाली धुतली आणि बशीत घालून पुढे केली. बाईंनी ती उजेडात धरून फिरवली. आपला दात पडलाय हेही त्या विसरल्या.

"काका, हा सुळा मुद्दाम वळवलाय ना?" त्या हळूच म्हणाल्या. "आणि इथे कड बघा, किती झिजलीय, तरी बसलीय कशी. आता मी खरं सांगू? तुम्ही मला पाठवता त्या कवळ्या इतक्या सरळ असतात की पेशंट परत येतात. म्हणतात, दात छान आहेत हो, पण आरशात आम्ही नाही दिसत, दुसरंच कोणीतरी दिसतं. मला वाटलं, काकांना असंच येतं. आणि सरळच घ्यायचं असेल तर मशीन आहेच की, लवकर देतं. तेच सांगायला आले होते." त्यांनी कवळी खाली ठेवली. "आणि तुम्ही घरच्यांसाठी असं काम करता? हे तुमचंच आहे ना?"

मिलिमीटरने तोंड उघडलं. आयुष्यात त्याने कधी मापात अर्ध्या मिलिमीटरचंही खोटं सांगितलं नव्हतं. समोर आई बसली होती, तोंडाचं बोळकं मिटून, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. मागे वर्कशॉपचं दार उघडं होतं, आणि त्याला आत दोरी बांधून वाळत घातलेले कपडे दिसायला लागले.

"घरचंच आहे," तो म्हणाला.

"मग मशीन राहू दे," बाई म्हणाल्या. "पण यापुढे मला कवळ्या अशा हव्यात. अश्शा. नाही तर मग आपण पुन्हा बोलू."

त्यांना वर्कशॉपमधल्या स्टुलावर बसवून त्याने कॅप तात्पुरती चिकटवून दिली. जन्मभर दुसऱ्यांना "आ करा" सांगणारी बाई आ करून बसली होती. जाताना त्यांनी डबाभर पीच नेले. वरचं पिठाचं झाकण आवर्जून इथेच ठेवलं.

दार लागलं तसा मिलिमीटर आईसमोर येऊन बसला.

"पेल्यातली कधी घातलीच नाहीस?"

आईने वडिलांची कवळी तोंडात बसवली, जीभ फिरवून घेतली. "हत्तीचे नाही का, दाखवायचे वेगळे, खायचे वेगळे."

"मग तेव्हाच बोलायचं ना."

"बोलले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, टोचते. तू तोंडात गेज घातलास आणि म्हणालास, टोचत नाही."

त्याला आठवत होतं, गेजमध्ये खरंच सगळं बरोबर आलं होतं.

"निदान बाबांच्या कवळीने तू तो तुकडा चावलास तरी," तो म्हणाला. "म्हणजे काम खरंच..."

"चावतंय कोण? मला काय वेड लागलंय? रसात बुडवून ठेवला होता. बिस्किटासारखा विरघळला." आई उठली. "तुझ्या वडिलांच्या हातात गुण होता, पण विटा फोडण्याइतका नाही."

दोन दिवसांनी क्लिनिकमधून नवं माप आलं. मिलिमीटर दात बसवायला बसला. सगळे दात सरळ बसले, ते त्याला नवीन नव्हतं. मग त्याने आईकडून वडिलांची कवळी मागून घेतली, सुळा किती वळलाय ते गेज लावून मोजलं आणि अगदी तेवढाच, तस्साच सुळा मेणात वळवला. लांबून बघितलं, जवळून बघितलं. काहीतरी चुकत होतं. त्याने आईला हाक मारली.

आईने डोळे बारीक करून पाहिलं. "वाकडा आहे खरा," ती म्हणाली. "पण वाकडासुद्धा सरळच दिसतोय."

"मग काय करू?"

"टोपलीत पीच उरलेत. ते आधी नरम पडायच्या आत संपव."

तिने त्याला ओट्यापाशी उभं केलं. फोडी तिनेच केल्या, जाड, बारीक, हाताला येतील तशा. पीठही तिनेच कालवलं. गुठळ्या दिसल्या तसा मिलिमीटरचा हात पुढे झाला, तिने त्यावर चमचा मारला. गेज, लेव्हल आणि थरथरी मागच्या खोलीत ठेवून दाराला बाहेरून कडी घातली होती.

"आता गोळे टाक."

"कुठून सुरू करू?"

"डोळे मिट आणि टाक."

त्याने डोळे मिटले. चमचा भरला, टाकला. प्लप. कुठे पडला असेल? दुसरा टाकला. तिसरा बहुतेक दुसऱ्यावरच पडला, आवाज तसाच आला. फोन टेबलावर चालूच होता, पलीकडून बायको विचारत होती, "काय चाललंय?" आणि आई सांगत होती, "शिकतोय." भांडं रिकामं झालं तेव्हा त्याने डोळे उघडले. ट्रेमध्ये गोळे कसेही पडले होते. एकीकडे तीन दाटीवाटीने, मध्ये ओसाड, एक तर काठावर लोंबकळत. पण मधल्या फटींतून पीच डोकावत होते, आणि बघत राहिलं की ते इतकं काही वाईट दिसत नव्हतं. कोणाच्या तरी तोंडासारखं दिसत होतं.

आई ओव्हन तापवायला पाठमोरी वळली.

मिलिमीटरने इकडेतिकडे पाहिलं, चमच्याचं टोक पुढे केलं आणि काठावरचा तो गोळा जरासा आत सरकवला. दोन मिलिमीटर, फार तर.

"बघितलं मी," आई वळून न बघता म्हणाली.